जुन्या धक्क्याचे खांब काढणार आहेत. डायव्हिंगची आवडती जागा वाचवण्यासाठी हरकत नोंदवावी का?

समुद्रवेडी (कोथरूड) :

नमस्कार. नोकरीच्या निमित्ताने मी अनेक वर्षे अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, प्युजेट साउंड या जमिनीत खोलवर शिरलेल्या समुद्राच्या काठी राहिले आणि तेथेच स्कूबा डायव्हिंग शिकले. आता पुण्यात परतले असले तरी मुलगी तिकडे असल्यामुळे अधूनमधून जाणे होते, आणि गेले की एका ठरावीक ठिकाणी पाण्यात उतरल्याशिवाय मी परत येत नाही. ते ठिकाण म्हणजे फार पूर्वी बंद पडलेल्या एका फेरीबोटीचा लाकडी धक्का. वरच्या फळ्या केव्हाच गेल्या. पाण्यात उरल्या आहेत त्या खांबांच्या रांगा. हे खांब उपटून काढण्याचे तेथील शासनाने ठरवले असून त्यावर हरकती व सूचना मागवल्या आहेत.

कारण मला ठाऊक आहे. जुन्या काळी लाकूड पाण्यात टिकावे म्हणून त्यात क्रिओसोट मुरवत असत, आणि हे कोळशाच्या डांबरापासून काढलेले तेल अजूनही पाण्यात झिरपते असे सांगितले जाते. त्याबद्दल वाद घालण्याचा माझा विचार नाही. परंतु ज्यांनी ही जागा पाहिलेली नाही त्यांना तेथे काय आहे याची कल्पना यावी म्हणून थोडे लिहिते. तेथील पाणी बारा महिने गारच असते, साधारण ८ ते १२ अंश, त्यामुळे ड्रायसूट, म्हणजे आत पाणी न शिरणारा पोशाख, घालूनच उतरावे लागते. खाली गेल्यावर प्रत्येक खांब तळापासून भरती-ओहोटीच्या रेषेपर्यंत पांढऱ्या आणि नारिंगी समुद्रपुष्पांनी, म्हणजे फुलांसारख्या दिसणाऱ्या प्राण्यांनी, मढलेला दिसतो. त्यांच्यामध्ये मोठ्या बार्नेकलचे (खडकाला वा लाकडाला कायमचा चिकटून राहणारा कवचधारी जीव) रिकामे कवच सापडले तर त्यात टॉर्चचा उजेड तिरपा टाकून पाहावे : ग्रंट स्कल्पिन नावाचा बोटभर लांबीचा मासा शेपटीकडून आत शिरून बसलेला असतो आणि आपल्या टोकदार नाकाडाने कवचाचे तोंड असे बंद करतो की आत जिवंत बार्नेकलच आहे असे वाटावे. तो बाहेर येतो तेव्हा पोहत नाही, पुढच्या परांच्या काट्यांवर लाकडावरून चालत जातो. तळाशी आडव्या पडलेल्या एका खांबाखाली जायंट पॅसिफिक ऑक्टोपसची कपार आहे. ती आत आहे की नाही हे दारातल्या खेकड्यांच्या ताज्या कवचांवरून कळते.

खांब काढल्यावर या सगळ्यांचे काय होते? निम्मे खांब ठेवा असे म्हणणे रास्त आहे का? आणि हरकत नोंदवायची झाल्यास तिच्यात नेमके काय मागावे? मला ती जागा राहावी असे वाटते, हे लपवत नाही. म्हणूनच ज्यांना तसे वाटण्याचे कारण नाही अशांचे मत हवे आहे.

भटका_पाण्यातला (वारजे) :

ताई, पुणेकर असून हरकत घ्यावी का असे विचारता, याचेच नवल वाटले. अवश्य घ्या.

दक्षिण ऑस्ट्रेलियातील रॅपिड बे येथील चुनखडी वाहून नेण्यासाठी बांधलेली लांबलचक जेटी मोडकळीला आली, तेव्हा २००९ मध्ये शेजारी नवी, आखूड जेटी बांधली गेली आणि जुनीचे खांब पाण्यात राहिले. लीफी सी ड्रॅगन हा समुद्रघोड्याचा नातेवाईक मासा पाहण्यासाठी जगभरचे डायव्हर आजही तेथे जातात. तुमच्या प्युजेट साउंडमध्येच २०१२ साली डायव्हिंगच्या एका लोकप्रिय जागेवरून एका तरुणाने ऑक्टोपस मारून नेला. तो प्रकार तेव्हाच्या नियमांत बसणारा होता, तरीही डायव्हरांनी इतका आवाज उठवला की पुढच्या वर्षी तेथील मत्स्य आयोगाने सात ठिकाणी ऑक्टोपस पकडण्यास बंदी केली. म्हणजे डायव्हरांचे म्हणणे तेथे ऐकले जाते. खांब उभे राहावेत अशी स्पष्ट मागणी करावी, मधला मार्ग आपण होऊन सुचवू नये. मधला मार्ग काढण्यासाठी समोरचे बसलेलेच असतात.

निवृत्त_खडकवासला (सिंहगड रस्ता) :

माझी नोकरी खडकवासल्याच्या सीडब्ल्यूपीआरएस या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात बंदरांच्या प्रतिकृतींवर गेली, त्यामुळे मासे सोडून खांबांबद्दलच लिहितो.

समुद्रात लाकूड उभे केले की त्याला दोन शत्रू असतात. एक टेरेडो, जो दिसतो अळीसारखा पण असतो शिंपल्याच्या जातीचा, आणि आतून बोगदे करीत जातो; दुसरा लिम्नोरिया नावाचा तांदळाच्या दाण्याहून लहान कवचधारी जीव, जो बाहेरून कुरतडतो. लिम्नोरियाचे काम भरती-ओहोटीच्या पट्ट्यात सर्वाधिक चालते, म्हणून जुना खांब त्या उंचीवर कमरेशी बारीक झालेला दिसतो. ताईंनी तेथील खांबांचे फोटो काढले असतील तर हे त्यांत दिसेल. क्रिओसोट हा या दोन्हींवरचा एकोणिसाव्या शतकातला तोडगा. १८३८ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन बेथेल यांनी दाब देऊन ते लाकडात खोलवर मुरवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि त्यानंतर रेल्वेचे स्लीपर, तारांचे खांब, बंदरांचे धक्के सर्वत्र तेच वापरले गेले. आपल्याकडच्या जुन्या लाकडी स्लीपरांना भर उन्हात जो उग्र वास येत असे, तो याचाच.

आता ‘निम्मे ठेवा’ या मागणीविषयी. कमरेशी झिजलेला खांब आपणहून मोडतो, आणि मोडलेला वरचा भाग तरंगत जाऊन एखाद्या होडीवर आदळतो किंवा दुसऱ्याच किनाऱ्याला लागून तेथे तेल सोडत राहतो. ठेवलेल्या निम्म्या खांबांची जबाबदारी कोणी घ्यायची, हा प्रश्न शासन विचारणारच आणि त्याला डायव्हरांकडे उत्तर नसते. रॅपिड बेचा दाखला येथे लागू करण्यापूर्वी तेथील खांब कशाचे आहेत आणि त्यांना काय लावले होते हे पाहावे लागेल; एका जेटीचा निर्णय दुसरीला जसाच्या तसा चिकटवता येत नाही.

माझ्या मते हरकतीचा जोर खांब कसे काढणार यावर असावा. उत्तम पद्धत अशी की क्रेनला टांगलेला व्हायब्रेटरी हॅमर खांबाचे डोके पकडतो, कंपनांनी भोवतालच्या गाळाची पकड सैल करतो आणि खांब सरळ वर ओढला जातो. घाई असली की जबड्याच्या बकेटने खांब चिमटून हलवतात; त्यात कुजलेले लाकूड चिरडते, गाळ ढवळला जातो आणि वर्षानुवर्षे तळात बसलेले तेल पुन्हा पाण्यात येते. खांब मध्येच तुटला तर उरलेला बुंधा तळाच्या पातळीखाली कापून तो खड्डा स्वच्छ वाळूने भरावा. कामाभोवती तरंगता अडसर असावा, आणि काढलेला खांब ज्या बार्जवर (सपाट तळाची मालवाहू नौका) ठेवायचा तिला कठडा व अस्तर असावे, नाहीतर त्यातून निथळलेले पाणी परत समुद्रातच जाते. निविदेत या गोष्टी लिहिलेल्या असतात, पण त्या पाळल्या जातात की नाही हे पाहणारा माणूस प्रत्यक्ष कामावर असेल का, हे अवश्य विचारावे. तेथील डायव्हर मंडळींना त्यासाठी बोलावले गेले तर फारच चांगले, कारण पाण्याखाली काय उरले हे बार्जवरून दिसत नाही.

आणखी एक. खांबांच्या रांगा प्रवाहाचा वेग कमी करतात, त्यामुळे त्यांच्यामध्ये गाळ साठतो. त्या निघाल्यावर तळ काही काळ हलतो आणि नंतर नव्या उतारावर स्थिरावतो. पहिल्या हंगामात पाणी गढूळ दिसले तर जागा कायमची नासली असे समजू नये.

प्राणिशास्त्र_शिकवते (डेक्कन) :

खांबांवरची जीवसृष्टी पाहून क्रिओसोटचे प्रकरण फुगवलेले आहे असे अनेकांना वाटते. विषारी असते तर एवढी समुद्रपुष्पे कशी वाढली असती, असा त्यांचा प्रश्न असतो. त्याचे उत्तर असे की जे वाढले तेवढेच आपल्याला दिसते. ज्याची अंडीच जगली नाहीत ते दिसत नाही. लाकडाचा वरचा थर काळानुसार थोडा धुऊन निघतो, त्यावर बार्नेकल बसतात, त्यांच्या कवचांवर इतर जीव बसतात, आणि कवचाच्या या आवरणावर जगणाऱ्या प्रौढ प्राण्यांचा लाकडाशी थेट संबंध फारसा उरत नाही.

हेरिंगचे तसे नाही. हा आपल्या तारलीचा थंड पाण्यातला नातेवाईक आपली चिकट अंडी सागरी गवतावर, शेवाळावर आणि वाटेत खांब आला तर खांबावरही चिकटवतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातील खांबांवरून केलेले एक संशोधन २००० साली प्रसिद्ध झाले. त्यात सुमारे ४० वर्षे जुन्या क्रिओसोटयुक्त लाकडाला थेट चिकटलेल्या अंड्यांपैकी एकातूनही पिल्लू निघाले नाही. चाळीस वर्षांनंतरही! हेरिंगवर सॅल्मन जगतो आणि सॅल्मन माशांवर त्या भागातले ओर्का (किलर व्हेल), ज्यांची गणना २००५ पासून तेथे धोक्यात आलेल्या प्राण्यांत होते. म्हणून ‘खांब राहू द्या’ या मागणीला माझा पाठिंबा नाही. पेठेतल्या मोडकळीला आलेल्या वाड्यात पारवे राहतात म्हणून तो पाडू नये असे आपण म्हणत नाही. मात्र पारव्यांची वीण चालू असताना पाडू नये एवढे नक्कीच म्हणू शकतो.

आता समुद्रवेडी यांच्या मूळ प्रश्नाकडे वळते. मासे हलतात. खांबांवर चरणारे पर्च आणि लिंगकॉडसारखे मोठे शिकारी जवळच्या खडकांकडे किंवा दुसऱ्या धक्क्याकडे जातात, अर्थात तेथे आधीच कोणी राहत असल्याने सगळ्यांना जागा मिळत नाही. ग्रंट स्कल्पिन कसाबसा पोहतो, त्याला दूर जाणे कठीण. समुद्रपुष्पे तत्त्वतः सरकू शकतात, पण खांब क्रेनला लागल्यावर त्यांना तेवढा वेळ कोण देणार? ती, स्पंज आणि बार्नेकल खांबाबरोबर बार्जवर जातात आणि मरतात. हे गोड शब्दांत सांगण्यासारखे नाही आणि शासनाच्या माहितीपत्रकात ते बहुधा सापडणारही नाही. तुमच्या हरकतीत या नुकसानीचा स्वच्छ उल्लेख करून भरपाई मागणे मला योग्य वाटते. भरपाई म्हणजे खोल बाजूला खाणीतल्या मोठ्या दगडांची रास, आणि उथळ भागात सागरी गवताची लागवड. प्युजेट साउंडमध्ये दगड आणि काँक्रीटचे कृत्रिम रीफ यापूर्वीही टाकलेले आहेत, त्यामुळे ही मागणी अजब ठरणार नाही.

दगडांच्या ऐवजी स्वस्तातले काही सुचवले गेले तर मात्र सावध राहा. फ्लोरिडाच्या किनाऱ्यालगत १९७० च्या दशकात मासे येतील या आशेने सुमारे २० लाख जुने टायर समुद्रात टाकले. बांधलेल्या पट्ट्या तुटल्या, टायर लाटांबरोबर फिरू लागले आणि शेजारच्या खऱ्या प्रवाळांवर आदळत राहिले. ते बाहेर काढण्याचे काम लष्कराच्या डायव्हरांना लावूनही वर्षानुवर्षे पुरले.

मालवणचो_पुण्यात (धनकवडी) :

चर्चा वाचून थोडा हेवा वाटला. खांब काढण्यापूर्वी लोकांना विचारतात आणि ज्याला फक्त पाहायला जायचे आहे त्याचेही ऐकून घेतात, हे आमच्याकडे सहसा घडत नाही. कोकणातल्या एखाद्या खाडीतला जुना धक्का पाडून नवा बांधायचा ठरला की चर्चा होते ती होड्या कुठे लावायच्या आणि काम पावसाळ्यापूर्वी पुरे होणार का, एवढ्याचीच. त्या धक्क्याच्या खांबांवर कालवे (शिंपल्यांचा एक प्रकार) असतात, ओहोटीला बायका कोयती घेऊन ती काढायला येतात, आणि खांब गेले की त्या घरांत येणारे दोन पैसेही जातात. त्यांच्या वतीने कोणी हरकत नोंदवल्याचे मी ऐकलेले नाही. डायव्हरांच्या दुःखाला मी हसत नाही, मी स्वतः सिंधुदुर्ग किल्ल्याच्या मागच्या बाजूला डायव्हिंग शिकलो. पण तुमच्या त्या जागी गळ टाकून बसणारे, खेकडे पकडणारे लोक असतील तर हरकत लिहिण्यापूर्वी त्यांच्याशीही बोलावे असे सुचवतो. दोघांची मागणी एकच निघाली तर तिचे वजन वाढेल.

आपल्याकडे सध्या उलटा प्रकार चालू आहे. नौदलातून निवृत्त झालेली ‘आयएनएस गुलदार’ ही नौका निवती रॉकजवळ बुडवून पाण्याखालचे संग्रहालय करण्यासाठी एमटीडीसीकडे सोपवण्यात आली. म्हणजे तिकडे जुने काढून पाणी स्वच्छ करतात आणि इकडे जुने आणून पाण्यात ठेवतात. दोन्ही बरोबर असू शकते. प्रश्न त्या वस्तूत काय मुरलेले आहे याचा आहे. जहाज बुडवण्यापूर्वी त्यातले तेल, तारा आणि रंगाचे पोपडे काढावेच लागतात, क्रिओसोट मात्र लाकडाच्या अंगातून काढता येत नाही.

समुद्रवेडी (कोथरूड) :

सर्वांचे आभार. निम्मे खांब ठेवण्याची मागणी मी सोडून दिली आहे. काकांचा जबाबदारीचा मुद्दा आणि हेरिंगची अंडी, यांपुढे ती टिकत नाही. भटका_पाण्यातला यांना हे आवडणार नाही याची कल्पना आहे. खेकडे पकडणाऱ्यांपैकी दोघांशी मुलगी या आठवड्यात बोलणार आहे.

मॅडम, एक शंका उरते. आडव्या खांबाखालची ऑक्टोपस अंड्यांवर बसलेली असेल तर? तेथील काही मित्र म्हणतात की काम सुरू होण्यापूर्वी तिला उचलून दुसऱ्या कपारीत सोडू.

प्राणिशास्त्र_शिकवते (डेक्कन) :

कृपा करून कोणीही तिला हात लावू नये. अंडी नसतील तर ती गडबड सुरू होताच स्वतः निघून जाईल. या जातीचे ऑक्टोपस तसेही कपारी बदलत असतात. अंडी असतील तर परिस्थिती वेगळी आहे. मादी कपारीच्या छताला हजारो अंड्यांच्या माळा लावते, सहा-सात महिने काहीही न खाता त्यांच्यावर पाणी फुंकत राहते, ती साफ करते आणि पिल्ले बाहेर पडल्याच्या सुमारास मरते. तिला हलवले तर ती कदाचित जगेल, पण अंडी नक्की जाणार नाहीत असे कोणी सांगू शकणार नाही. तेथे सॅल्मनच्या पिल्लांच्या स्थलांतरामुळे पाण्यातली कामे साधारणपणे जुलैच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतच करू देतात, आणि हा काळ ऑक्टोपसच्या विणीचा विचार करून ठरवलेला नाही. त्यामुळे काम सुरू होण्याच्या आधी डायव्हरांकडून तळाची पाहणी व्हावी आणि अंडी आढळल्यास तेवढा एक खांब त्या हंगामापुरता वगळावा, अशी मागणी करा. आडवा पडलेला एक खांब आणखी एक वर्ष राहिल्याने मोठे नुकसान होणार नाही.

भटका_पाण्यातला (वारजे) :

आवडले नाही हे खरे, पण हेरिंगचे वाचून गप्प बसलो. एक भर घालतो. त्याच भागात एडमंड्स गावाने १९७० मध्ये पाण्याखालचे उद्यान राखीव केले. तेथे मुळात १९३५ मध्ये बुडवलेली एक जुनी लाकडी तरंगती गोदी होती आणि डायव्हर तिच्यासाठी जात असत. लाकूड कुजत गेले तरी जागा गेली नाही, कारण स्वयंसेवकांनी तळाशी दोर बांधून वाटा आखल्या आणि नव्या रचना ठेवल्या. तुमच्या येथे दगडांची रास मिळाली तर ती किनाऱ्यावरून पोहत गाठता येईल अशा अंतरावर आणि डायव्हरांना झेपेल अशा खोलीवर हवी, हे लिहून द्या. नाहीतर कोणीतरी ती चाळीस मीटरवर नेऊन टाकेल.

निवृत्त_खडकवासला (सिंहगड रस्ता) :

वरची सूचना रास्त आहे, फक्त दगडांची जागा प्रवाह मोजून ठरवावी असेही जोडा. उतारावर टाकलेली रास घसरते आणि गाळात टाकलेली बुडते.

मॅडमनी सांगितलेल्या पाहणीबरोबर आडव्या पडलेल्या सर्वच तुकड्यांची नोंद मागा. अशा कामांचे मोजमाप उभ्या खांबांवर होते, ठेकेदाराला पैसे नगावर मिळतात, आणि तळावरचे तुटलेले तुकडे कोणाच्याच यादीत नसल्यामुळे तेल सोडत तेथेच राहतात. तुमच्याकडे आणि तेथील मित्रांकडे इतक्या वर्षांचे फोटो असणार. त्यांवरून कोणता तुकडा कोणत्या रांगेजवळ, किती खोलीवर आहे याचा हाताने काढलेला नकाशा तयार करा आणि हरकतीला जोडा. खोली लिहिताना त्या वेळची भरतीची उंची वजा करायला विसरू नका. तेथे भरती-ओहोटीतला फरक तीन-चार मीटरपर्यंत जातो, आणि तो न धरल्यास तुमचा नकाशा पहिल्याच बैठकीत बाजूला ठेवला जाईल. कच्चा आराखडा झाला की येथे टाका, मी पाहून देतो.